समुद्राखालच्या तारेंतील विलंब

विजेच्या तारेंतून निघालेला संदेश त्याच क्षणीं दुसऱ्या टोकाला पोंचतो, ही समजूत तारायंत्राइतकीच जुनी आहे, आणि अजूनहि ती सर्वस्वीं गेलेली नाहीं. एका गांवीं कळ दाबली कीं शंभर मैलांवर खटका वाजतो. मधल्या वेळाचा हिशेब कोण ठेवणार? परंतु १८५६ ते १८५८ या तीन वर्षांत नेमक्या याच वेळाच्या हिशेबावरून इंग्लंडांत एक शल्यवैद्य आणि एक प्राध्यापक यांच्यामध्यें वाद माजला, आणि त्या वादाचा निकाल साडेतीन लक्ष पौंडांचें भांडवल घातलेल्या एका तारेवर लागला. ही तार अटलांटिक महासागराच्या तळाशीं पडलेली होती.

विजेचा वेग मोजण्याचा गाजलेला प्रयत्न त्यापूर्वींच, १८३४ सालीं, लंडनच्या किंग्ज कॉलेजांत चार्ल्स व्हीट्स्टन यानें केला होता. अर्ध्या मैलाची तार, तिच्यांत तीन ठिकाणीं ठेवलेले बारीक खंड, आणि समोर सेकंदाला आठशें फेरे घेणारा आरसा, अशी त्याची योजना होती. तिन्ही खंडांत ठिणग्या उडाल्या. आरशांत पाहतां मधली ठिणगी कडेच्या दोहोंपेक्षां किंचित् मागें पडलेली दिसली. त्यावरून त्यानें वेग काढला तो सेकंदाला २,८८,००० मैल, म्हणजे प्रकाशाच्या वेगाहूनहि अधिक! पुढें १८४९ मध्यें अमेरिकेंत वॉकर यानें तारायंत्राच्या लांब तारांवर मोजणी केली, तेव्हां वेग वीस हजार मैलांच्याहि आंत आला. १८५० त फ्रान्समध्यें फिझो व गूनेल यांना लोखंडाच्या तारेंत सुमारें एक लक्ष किलोमीटर व तांब्याच्या तारेंत एक लक्ष ऐशीं हजार किलोमीटर असे आंकडे मिळाले. एकाच वस्तूचा वेग मोजावयास निघालेल्या शहाण्या माणसांच्या उत्तरांत दहा-पंधरापट अंतर पडावें, याचा अर्थ प्रश्नच नीट विचारला गेला नव्हता.

प्रश्नाचें खरें स्वरूप १८५३ च्या सुमारास उघड झालें. हवेंतून खांबांवर टांगलेल्या तारेऐवजीं गट्टापर्चाचें वेष्टण घातलेली तार जमिनींत पुरण्याची व पाण्यांत सोडण्याची चाल नुकतीच पडली होती. अशा तारेंत संकेत रेंगाळतात, एकमेकांत मिसळतात, असें लॅटिमर क्लार्क या तारायंत्राच्या इंजिनियरास आढळलें. त्यानें तो प्रकार मायकेल फॅरडे यास दाखविला. लंडन-मँचेस्टरच्या पुरलेल्या तारा एकीस एक जोडून पंधराशें मैलांची एक तार करण्यांत आली, आणि दर सुमारें चारशें मैलांवर एकेक गॅल्व्हानोमीटर बसविण्यांत आला. सर्व यंत्रें लंडनच्या एकाच खोलींत होतीं. तार बॅटरीस लावतांच पहिल्या यंत्राचा कांटा तत्काळ हालला, दुसऱ्याचा थोड्या वेळानें, तिसऱ्याचा आणखी उशिरां. आणि शेवटच्या कांट्यास चलन मिळण्यास पुरे दोन सेकंद लागले. हवेंतल्या तारेंत असा विलंब जाणवलाच नव्हता.

फॅरडेनें १८५४ च्या जानेवारींत रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानांत याची उकल केली. आंत तांबें, मध्यें गट्टापर्चा, बाहेर ओली माती किंवा समुद्राचें पाणी. म्हणजे ही लांबच लांब तार एक लेडनची बरणीच आहे. तिच्या शेवटापर्यंत वीज पोंचावयाची तर आधीं वाटेंतील सर्व बरणी भरली पाहिजे. उन्हाळ्यांत कोरड्या पाटाला पाणी सोडलें तर आरंभीं पाटाची जमीनच तें पिऊन घेते, आणि टोकाच्या वाफ्यांत प्रथम ओलावा, मग बारीक धार, आणि बऱ्याच वेळानें भरगच्च प्रवाह येतो. मग त्या टोकाशीं बसलेल्या माळ्यानें पाणी "आलें" असें कोणत्या क्षणीं म्हणावें? ओल दिसली तेव्हां, कीं वाफा भरला तेव्हां? सगळा वाद या एका प्रश्नांत सांठविलेला होता.

ग्लासगोच्या विद्यापीठांत वयाच्या बाविसाव्या वर्षींच प्राध्यापक झालेला विल्यम थॉमसन (हाच पुढें लॉर्ड केल्व्हिन झाला) यानें या पाटाचें गणित मांडलें. फूर्ये यानें लोखंडाच्या कांबींतून उष्णता कशी पसरते याचीं समीकरणें पूर्वींच सोडविलीं होतीं. तींच थॉमसननें विजेस लावलीं. निघालेला नियम भयंकर होता. तारेची लांबी दुप्पट झाली तर विलंब चौपट होतो. दोनशें मैलांच्या तारेंत दशांश सेकंद लागत असेल, तर त्याच जाडीच्या दोन हजार मैलांच्या तारेंत दहा सेकंद लागतील. उपाय एकच: तांबें जाड घ्यावें, गट्टापर्चाहि त्या मानानें जाड घ्यावा. अर्थात् खर्चहि त्या मानानें वाढावयाचा.

भांडवल गोळा करणाऱ्या मंडळीस हा नियम रुचण्यासारखा नव्हता. ब्रायटनचे शल्यवैद्य वाइल्डमन व्हाइटहाउस हे तारायंत्राच्या नादास लागलेले हौशी प्रयोगकर्ते होते, आणि हातांचे मोठे कुशल होते. लंबकाचे ठोके व तारेंतून आलेले संकेत एकाच रासायनिक कागदाच्या पट्टीवर उमटवून त्यांनीं हजार मैलांपर्यंतच्या तारांचा विलंब मोजला. तो त्यांना लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत न आढळतां जवळ जवळ लांबीच्याच प्रमाणांत आढळला. १८५६ च्या उन्हाळ्यांत चेल्टनहॅमच्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत त्यांनीं हें जाहीर केलें, आणि थॉमसनचा नियम ही पंडितांची कल्पना आहे, असें त्यांचें म्हणणें पडलें. त्याच वर्षीं मोर्सला बरोबर घेऊन त्यांनीं लंडनमध्यें दोन हजार मैल तारेंतून मिनिटाला दोनशेंहून अधिक संकेत पाठवून दाखविले. कंपनीनें त्यांनाच विद्युत्तज्ज्ञ नेमलें. थॉमसन संचालक मंडळांत होता. परंतु तार कशी असावी हें ठरून गेलेलें होतें.

व्हाइटहाउस खोटे बोलत होते असें मुळींच नाहीं. त्यांची पट्टी खरी, ठोके खरे, आंकडेहि खरे. चूक होती ती मोजलें काय या समजुतींत. त्यांच्या यंत्रांतील लोहचुंबकाची पट्टी जड होती; प्रवाह विशिष्ट मर्यादेपर्यंत चढल्याखेरीज ती जागची हालत नसे. म्हणजे पट्टीवर उमटलेल्या वेळांत तारेचा विलंब, पाठविणाऱ्या वेटोळ्याचा विलंब आणि घेणाऱ्या चुंबकाचा जडपणा, हीं तिन्ही एकत्र झालेलीं होतीं. यंत्र अधिक नाजूक केलें तर तोच संकेत आधीं "पोंचे". बॅटरी जोरदार केली तरीहि आधीं "पोंचे". थॉमसननें यावरूनच पुढचें पाऊल टाकलें. वाफा भरण्याची वाट कशाला पाहावयाची? पहिली ओल दिसली कीं पुरे. १८५८ त त्यानें लहानशा आरशाच्या पाठीस इवलेसे चुंबक चिकटवून तो रेशमाच्या तंतूनें टांगला, आणि त्यावर दिव्याचा किरण सोडला. आरसा केसभर वळला तरी समोरच्या मोजपट्टीवर प्रकाशाचा ठिपका बोटभर सरके.

५ ऑगस्ट १८५८ रोजीं आयर्लंडांतील व्हॅलेन्शिया व न्यूफाउंडलंडमधील ट्रिनिटी बे यांच्यामध्यें तार जुळली. दोन्ही खंडांत जल्लोष झाला. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षास पाठविलेला संदेश अठ्ठ्याण्णव शब्दांचा होता. तो पोंचावयास सोळा तासांहून अधिक वेळ लागला. व्हाइटहाउस यांच्या पांच पांच फूट लांबीच्या वेटोळ्यांनीं तारेंत सुमारें दोन हजार व्होल्टांचा दाब सोडला, तरी त्यांचें ग्राहक यंत्र कामास आलें नाहीं. संकेत वाचले गेले ते थॉमसनच्या आरशावर, आणि मग हातानें व्हाइटहाउस यांच्या पट्टीवर उतरविले गेले! ऑगस्टच्या मध्यासच कंपनीनें व्हाइटहाउस यांना काढून टाकलें. परंतु गट्टापर्चास इजा होऊन चुकली होती. सप्टेंबरच्या आरंभीं संदेश अस्पष्ट झाले आणि ऑक्टोबरांत तार कायमची मुकी झाली.

या अल्पायुषी तारेचा हिंदुस्थानाशीं एक संबंध आलेला आहे. १८५७ च्या उठावासाठीं कॅनडांतून दोन पलटणी हलविण्याचा हुकूम सुटलेला होता. उठावाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस, तो हुकूम रद्द केल्याचे संदेश याच तारेंतून गेले, आणि सरकारचा सुमारें पन्नास हजार पौंड खर्च वांचला. तारेनें केलेलें किफायतीचें काम तें एवढेंच म्हणावें लागेल.

सरकारनें व कंपनीनें मिळून चौकशी-समिति नेमली. तिचा अहवाल १८६१ सालीं प्रसिद्ध झाला आणि मोठा ठपका व्हाइटहाउस यांच्या उच्च दाबावर आला. यांत थोडा अन्याय आहेच. तार घाईनें तयार झालेली होती, उघड्यावर उन्हांत पडलेली होती, आणि तिचें तांबें कांहीं ठिकाणीं मध्यावरून सरकलेलें होतें. मेलेल्या तारेचें सगळें पाप एकाच्या माथीं मारणें सोयीचें होतें, इतकेंच.

१८६६ सालीं ग्रेट ईस्टर्न जहाजानें जी तार टाकली तिच्यांत दर सागरी मैलास तांबें तीनशें पौंड होतें. पूर्वीच्या तारेंत तें एकशें सात पौंड होतें. आदल्या वर्षींची तुटलेली तारहि वर काढून पुरी करण्यांत आली. दोन्ही तारा न्यूफाउंडलंडकडे एकमेकींस जोडून लॅटिमर क्लार्कनें महासागरांतून जाणारा-येणारा फेरा साधला, आणि त्यांत संकेत पाठविला तो चांदीच्या अंगुस्तान्यांत जस्ताचा तुकडा व थोडें अम्ल घालून केलेल्या बॅटरीनें! दोन हजार व्होल्टांना जें साधलें नव्हतें तें शिवणकामाच्या टोपणानें केलें.

त्याच वर्षाच्या शरदांत अमेरिकेचा ज्योतिर्विद् गूल्ड व्हॅलेन्शियास आला. रेखांशासाठीं दोन्ही किनाऱ्यांवरील घड्याळांतील अंतर त्यास हवें होतें. आणि तारेचा विलंब ठाऊक नसतां तें निघणार कसें? युक्ति सोपी होती. पूर्वेकडून पश्चिमेकडे पाठविलेल्या संकेतांत घड्याळांचें अंतर विलंबाइतकें कमी दिसतें, उलट दिशेच्या संकेतांत तितकेंच अधिक दिसतें. दोहोंची सरासरी म्हणजे घड्याळांतील खरें अंतर, आणि दोहोंतील फरकाचा अर्धा भाग म्हणजे विलंब. तो अर्ध्या सेकंदाच्याहि आंत भरला. मात्र ठिपका हालला हें पाहून कळ दाबणाऱ्या मनुष्याचाहि कांहीं वेळ जातो. तो निराळा मोजून वजा करावा लागतो. १८७० मध्यें ग्रेट ईस्टर्ननेंच मुंबई-एडनची सुमारें अठराशें सागरी मैलांची तार टाकली, आणि मुंबईच्या रेखांशासाठीं हिंदुस्थानच्या सर्व्हे खात्यानेंहि तारेच्याच संकेतांचा आश्रय केला.

थॉमसनचें गणितहि शेवटचें ठरलें नाहीं. तारेचें स्वयं-प्रवर्तन त्यानें जमेस धरलें नव्हतें; ती उणीव एके काळचा तार-कारकून ऑलिव्हर हेव्हिसाइड यानें १८७६ नंतर भरून काढली, आणि त्यांतून दूरध्वनीच्या लांब तारांचा मार्ग मोकळा झाला.

विलंब मोजण्याची ही विद्या पुढें संगीताच्याहि कामीं आली. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत मूग, बुक्ला प्रभृतींनीं मॉड्यूलर सिंथेसायझर नांवाचीं वाद्यें बनविलीं. त्यांत निरनिराळीं विद्युत्-यंत्रें दोऱ्यांसारख्या तारांनीं एकमेकांस जोडून स्वर घडवितात. एखादें यंत्र किती विलंब लावतें हें पाहावयाचें तर एकच टोंकदार संकेत ऑसिलोस्कोपच्या एका रेषेवर सरळ, आणि दुसरीवर त्या यंत्रांतून फिरवून आणतात, व दोन कडांमधील अंतर मोजतात. त्याआधीं दोन्ही रेषांस एकच तार लावून मोजणाऱ्या यंत्राचा स्वतःचा फरक पाहून घेतात; आणि कड चढती असेल तर किती उंचीवर ती "आली" असें धरावयाचें, हें आधीं ठरवितात. सेकंदाचे ४८,००० तुकडे पाडून त्यांतले ४८ तुकडे एकदम हाताळणाऱ्या अंकीय यंत्रांत विलंब निदान सेकंदाच्या सहस्रांशाइतका असतोच. कानास तो स्वतंत्रपणें जाणवत नाहीं. पण मूळ स्वर व यंत्रांतून आलेला स्वर सारख्या प्रमाणांत एकत्र केले, तर सेकंदाला ५०० कंपनांचा स्वर त्यांतून जवळ जवळ नाहींसा होतो.