शिकाऊ विमानाची रात्रपाळी

युद्धाच्या इतिहासात वेगाचे कौतुक फार होते. आज मी आपणांपुढे ज्या विमानाची हकीकत ठेवणार आहे, त्याची सारी कर्तबगारी त्याच्या संथपणात होती. आणि त्याचा घातही त्या संथपणानेच केला.

रशियातील निकोलाय पोलिकार्पोव या अभियंत्याने १९२७ च्या सुमारास हे दुपंखी विमान रचले. त्याचे नाव 'उ-२'. त्यातील 'उ' हे अक्षर शिक्षणवाचक रशियन शब्दाचे होय. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, दोन उघड्या बैठका आणि ताशी सुमारे दीडशे किलोमीटर वेग, एवढाच त्याचा थाट. नवशिक्यांचे हात बसावेत, टपाल न्यावे, शेतावर औषध फवारावे, हीच त्याची कामे.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली आणि पहिल्याच तडाख्यात रशियाची असंख्य विमाने नष्ट झाली. तेव्हा जे हाताशी होते ते रणांगणावर न्यावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मरीना रास्कोवा या नामांकित वैमानिक स्त्रीच्या पुढाकाराने स्त्रियांची तीन विमानदळे उभारण्यात आली. त्यांपैकी ५८८ व्या दळाच्या वाट्याला ही शिकाऊ विमाने आली. वैमानिक, मार्गदर्शक, यंत्रदुरुस्ती करणाऱ्या, बॉम्ब चढवणाऱ्या, साऱ्या स्त्रियाच. प्रमुख होत्या येवदोकिया बेर्शान्स्काया.

१९४२ च्या जूनपासून त्या आघाडीवर गेल्या. दिवसा असे विमान टिकणे शक्य नव्हते. म्हणून रात्र निवडली. लक्ष्याजवळ येताच इंजिन मंद करायचे, वाऱ्यावर तरंगत खाली यायचे, पंखांखालचे बॉम्ब सोडायचे आणि पुन्हा इंजिन चढवून परतायचे. एका रात्रीत अशा कित्येक खेपा होत. एका खेपेचा बोजा दोन-तीनशे किलोंच्या आतबाहेर. परंतु शत्रूची झोप उडत असे. वेगवान जर्मन विमानांना इतक्या संथ विमानावर नेम धरणे अवघड जाई. जर्मन सैनिक या वैमानिकांना 'रात्रीच्या चेटकिणी' म्हणू लागले.

पण चेटूक कसले? पुढे कापडी पंख, पाठीशी पॅराशूटही नाही, आणि शत्रूही विचार करणारा होता. ३१ जुलै १९४३ च्या रात्री कुबान प्रदेशात हे दळ जर्मनांच्या 'निळ्या रेषे'वर निघाले. शोधदिव्यांचे झोत आकाशात उठले; परंतु विमानविरोधी तोफा मात्र गप्प राहिल्या. या शांततेचा अर्थ कळेपर्यंत उशीर झाला होता. जर्मनांनी रात्री झुंजणारे लढाऊ विमान वर धाडले होते, आणि त्याला धक्का लागू नये म्हणून तोफा थांबवल्या होत्या. झोतात सापडलेले संथ विमान त्याला आयतेच मिळाले. एकामागून एक चार विमाने पेटली. आठ स्त्रिया मृत्यू पावल्या. बेर्शान्स्काया यांनी त्या रात्रीची उड्डाणे थांबवली.

त्या आठ जणींत गालिना दोकुतोविच होती. वर्षापूर्वी धावपट्टीशेजारी गवतावर विसावली असता अंगावरून मोटार जाऊन तिच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली होती. घरी राहिली असती तर तिला कोणी नाव ठेवले नसते. ती परत आली आणि त्या रात्री उडाली.

पुढे हे दळ १९४५ पर्यंत लढले. त्याची उड्डाणे तेवीस हजारांवर गेली. तेवीस जणींना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. पोलिकार्पोव १९४४ मध्ये वारल्यावर विमानाचे नाव 'पो-२' झाले.

श्रोतेहो, चेटकिणीचे नाव ऐकायला रंजक आहे. पण त्याने या हकीकतीचे मोल झाकले जाते. चेटकिणीला भय नसते, तिचे काही जळत नाही. या मुलींचे सारे जळण्याजोगेच होते, आणि हे ठाऊक असूनही त्या दुसऱ्या खेपेला निघत. साधन अपुरे असताना माणसाच्या धैर्यावर राष्ट्र तगते, हे खरे. परंतु त्या अपुरेपणाची किंमत कोणी मोजली, हेही इतिहासाने नावानिशी लिहून ठेवले पाहिजे.