वसंत कोणाच्या अंगणातला?

वसंत सर्वांचा असतो, असे काव्यरसिक सांगतात. मला ते पटत नाही. रशियन कवितेचा इतिहास तर उलटेच सांगतो.

प्रतीकवादी कवी अलेक्सांद्र ब्लोक याचे उन्हाळे शाखमातोवोच्या जमीनदारी वाड्यात गेले. हा वाडा त्याच्या आजोबांनी, वनस्पतिशास्त्रज्ञ बेकेतोव यांनी, १८७४ साली विकत घेतला होता. तिथली पहाट, तिथले माळ ब्लोकच्या १९०४ सालच्या ‘सुंदर स्त्रीविषयीच्या कविता’ या पहिल्या संग्रहात आले खरे. पण पहाट ही पहाट राहिली नाही, दिव्य स्त्रीच्या आगमनाची ती खूण झाली. त्या माळावर राबणारा माणूस कुठे होता?

१९१३ साली गोरोदेत्स्कीने गुलाबाला गूढार्थातून सोडवून त्याचे रंग-गंध त्याला परत दिले. पास्तरनाकने १९१२ च्या कवितेत वितळत्या बर्फाचा चिखल आणि भाड्याची घोडागाडी आणली. हे बंड महत्त्वाचे, पण शहरातल्या शिकलेल्यांचे.

खरा सवाल टाकला तो ओलोनेत्स प्रांतातल्या निकोलाय क्ल्यूयेव या शेतकरी कवीने. १९०७ पासून तो ब्लोकला पत्रे लिहीत होता. ब्लोकच्या निसर्गकवितांतले विचार हे खेड्यात सुट्टीला आलेल्या मालकाचे विचार आहेत, असे त्याने तोंडावर सुनावले. ब्लोक हादरला, पत्रातला ठपका खरा असल्याची कबुली त्याने आईला दिली. हा त्याचा प्रामाणिकपणा मी मानतो. प्रस्थापितांत तो दुर्मिळच.

येसेनिनच्या १९१६ सालच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘रादुनित्सा’. ईस्टरनंतर, ऐन वसंतात, लोक खाणे घेऊन पूर्वजांच्या थडग्यांपाशी जातात, तो हा दिवस. प्रतीकवाद्यांचा वसंत आकाशाकडे डोळे लावून बसलेला. हा वसंत आपल्या मेलेल्या माणसांच्या मातीशी जाऊन बसतो. प्रतिमा तीच, पण तिची मुळे कष्टकऱ्यांच्या जगण्यात गेली.

राजधानीतल्या दिवाणखान्यांनी मात्र या दोघांना भरजरी शेतकरी पोशाखात कविता म्हणताना पाहणे पसंत केले. खेडे हवे, पण नटवलेले! या नटण्यात दोघेही सामील झाले, हेही नमूद केले पाहिजे.

पुढे क्ल्यूयेवने ‘पोगोरेल्श्चिना’ या दीर्घकाव्यात उद्ध्वस्त होणारे खेडे लिहिले. तेव्हा टाळ्या थांबल्या. १९३४ साली त्याला अटक झाली, सायबेरियात हद्दपारी झाली, आणि १९३७ साली तोम्स्क शहरात गोळी घातली गेली. ते काव्य त्याच्या हयातीत त्याच्या देशात छापले गेले नाही.