सोलापूरचा जमाखर्च आणि आजची विदा

सोलापूरच्या नवी पेठेत गिऱ्हाइकाची नजर कोणत्या रंगावर ठरते, हे पाहूनच दुकानदार पुढचे कापड उलगडतो. माणसाचे वागणे पाहून वस्तू घडवण्याच्या विचाराला आज ‘मानवकेंद्री रचना’ म्हणतात. मोबाइल आणि आंतरजालाला जोडलेली यंत्रे तिला माहिती पुरवतात. हा केवळ तंत्रज्ञांचा प्रांत आहे, असे आम्हांला वाटत नाही. माणसाची हकिकत कोण सांगतो, हा आपल्याही अभ्यासाचा प्रश्न आहे.

या शहरात त्याचा जुना दाखला आहे. १८७७ साली येथे ‘जुनी गिरणी’ स्थापन झाली. पुढे मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने येथील गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा पाहण्यांतून राहणीखर्चाचे निर्देशांक तयार होत आणि महागाई भत्त्याच्या वादात कामगारांनाही त्यांचा आधार मिळे.

अहवालाची लेखणी सरकारची होती, हे विसरता येत नाही. तरीही तेथे प्रश्न विचारला जात होता. उत्तर देणाऱ्याला काही हातचे राखता येत होते. आजचे यंत्र विचारत नाही. पडद्यावर बोट कोठे थबकले, याची नोंद ठेवते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिले. पण न वाचता दाबलेल्या ‘मान्य’ला संमती कसे म्हणावे? नवी पेठेतले गिऱ्हाईक निदान नकारार्थी मान हलवून दुकानाची पायरी उतरू शकते. मानवकेंद्री म्हणवणाऱ्या रचनेत तेवढी मोकळीक असावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.