वही कोणाची? : सामूहिक लेखन, मालकी आणि महाजालावरील अर्थव्यवहार

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे निघाले की शीतला घाट आणि अहल्याबाई घाट ओलांडून आपण मुन्शी घाटावर येतो. त्याला लागूनच दरभंगा घाट आहे. श्रीधर नारायण मुन्शी यांच्यावरून या घाटाला नाव मिळाले, एवढ्याबाबत एकमत आहे. पुढे पाठभेद सुरू होतात. असंख्य अनामिकांनी मिळून लिहिलेल्या विकिपीडियाच्या इंग्रजी पानावर मी पाहिले तेव्हा मुन्शी हे दरभंगा संस्थानचे अर्थमंत्री होते आणि बांधकाम १९१२चे होते. घाटावरच्या जुन्या महालात आज ब्रिजरामा पॅलेस हे हॉटेल आहे; त्याच्या प्रचलित इतिहासात मुन्शी नागपूर संस्थानचे अर्थमंत्री ठरतात, बांधकाम १८१२चे ठरते आणि दरभंग्याच्या राजांनी ते १९१५ मध्ये विकत घेतल्याचे सांगितले जाते. भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ मध्येच खालसा झाले. तेव्हा ‘नागपूरचे मंत्री’ आणि ‘१९१२’ ही जोडी एकत्र नांदू शकत नाही. दोन पाठांपैकी एक स्वीकारावा लागतो. माझा कल नागपूरकडे आहे. त्यात थोडा स्वभाषाभिमान मिसळला असेल, हेही नमूद करतो.

एका अंकाने शतकाचे अंतर पडावे, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकाला नवे नाही. नवे आहे ते एवढेच, की येथील लिपिकाराला कोणी नेमलेले नाही, त्याला मोबदला नाही, आणि त्याचा हस्तदोष दुरुस्त करण्याचा अधिकार घाटावर बसलेल्या कोणाही माणसाला आहे. अशा बिनमोबदला, बिनआज्ञेच्या लेखनावर गेल्या दोन-तीन दशकांत फार मोठे अर्थव्यवहार उभे राहिले. त्या घडामोडीकडे वाङ्मयेतिहासाच्या बाजूने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

या विषयाची रूढ मांडणी प्रथम पाहू. रोनाल्ड कोस यांनी १९३७च्या निबंधात एक साधा प्रश्न विचारला होता : बाजार अस्तित्वात असताना कंपन्या का निर्माण होतात? त्यांचे उत्तर असे, की दर वेळी योग्य माणूस शोधणे, भाव ठरवणे आणि करार करणे यांना खर्च पडतो. तो वाचवण्यासाठी माणसे पगारावर एका छपराखाली आणली जातात. महाजालाने हा खर्च कमालीचा घटवला. योखाई बेंक्लर यांनी २००२ मध्ये हाच धागा पुढे नेऊन दाखवले, की बाजारभाव आणि वरिष्ठाची आज्ञा या दोहोंवाचून चालणारी निर्मितीची तिसरी रीत आता शक्य झाली आहे. १९९१ मध्ये सुरू झालेली लिनक्स प्रणाली हे तिचे ठळक उदाहरण. २००६च्या अखेरीस डॉन टॅपस्कॉट आणि अँथनी विल्यम्स यांच्या ‘विकिनॉमिक्स’ने हा विचार व्यापारी जगात लोकप्रिय केला. त्यातली गोल्डकॉर्पची कथा बहुश्रुत आहे. या कॅनडियन खाणकंपनीने २००० साली रेड लेक येथील खाणीची भूगर्भीय माहिती, जी या धंद्यात जिवापाड जपली जाते, महाजालावर खुली केली आणि सोने कोठे शोधावे हे सांगणाऱ्यांसाठी ५,७५,००० डॉलरांची पारितोषिके लावली. देशोदेशीच्या जाणकारांनी जागा सुचवल्या, सोने मिळाले, कंपनीची भरभराट झाली. पारितोषिक सांगणाऱ्याचे आणि सोने खाणमालकाचे, ही वाटणी मात्र त्या कथेत इतकी स्वाभाविक मानली गेली, की तिच्यावर फारशी चर्चाच झाली नाही.

अनेकांनी मिळून लिहिणे ही गोष्ट आपल्या वाङ्मयाला अपरिचित नव्हती. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि इतरांचे अभंग मिसळले, कारण नाममुद्रा ही मालकीची खूण नव्हती. परंपरेत शिरण्याचा तो दरवाजा होता. उलट एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि त्यात यापुढे कोणी आपली ओवी घालू नये अशी स्पष्ट ताकीद दिली. या शुद्धीआधी अकरा वर्षे, १५७३ मध्ये, त्यांनी आपले भागवत पूर्ण केले ते याच काशीत. संहिता खुली ठेवणे आणि बंद करणे, हे दोन्ही व्यवहार मराठीने जाणूनबुजून केलेले आहेत. मात्र या ग्रंथांतून प्रतीवर हक्क सांगून उत्पन्न मिळवण्याची सोय नव्हती. ती जेथे होती, त्या लेखनप्रकाराकडे वाङ्मयेतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. तो प्रकार म्हणजे तीर्थोपाध्यायांची वही.

वहीचे स्वरूप सर्वपरिचित आहे. यात्रेकरू स्वहस्ते आपले नाव, वडील-आजोबांची नावे, गाव, कुळ, बरोबर आलेली माणसे आणि तिथी लिहितो. बहुतेक लेखांत आणखी एक कलम असते : आम्ही यांना उपाध्याय मानले आहे, आमच्या वंशातील जो कोणी येईल त्याने यांनाच मानावे. या एका कलमामुळे नोंदवहीचे मालमत्तेत रूपांतर झाले. नातू यात्रेला आला की आजोबांचे अक्षर दाखवले जाई आणि त्याचा उपाध्याय ठरून जाई. जितके लेख जुने, तितकी वही मोलाची; आणि जितकी वही मोलाची, तितकी नवी कुळे तिच्याकडे वळणार. ही वृत्ती वारसांत वाटली गेली, गहाण पडली, तिच्यावरून कज्जे झाले. मजकूर हजारोंचा, मालकी एका घराची.

मुन्शी घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरल्यावर एका तीर्थोपाध्यायांच्या घरी मला हे प्रत्यक्ष पाहायला मिळाले. गाव आणि आडनाव सांगितल्यावर त्यांनी लाल बासनातली लांबट वही काढली आणि पाऊण तासाने माझ्या पणजोबांचा मोडी लेख समोर ठेवला. मी छायाचित्र घेण्याची परवानगी मागितली. “नक्कल मिळणार नाही,” ते शांतपणे म्हणाले, “आपण आलात त्याचे मात्र चार ओळी लिहून जा.” मला प्रथम राग आला. नंतर लक्षात आले, की त्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. सहा-सात पिढ्या वाळवी, पूर आणि भाऊबंदकी यांतून तो कागद कोणी तरी सांभाळला होता, आणि तो सांभाळण्याचा खर्च लेख लिहून गेलेल्या कोणीही उचलला नव्हता. उटा येथील जीनिऑलॉजिकल सोसायटीने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिद्वारसारख्या तीर्थांवरील वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली. नक्कल न देण्यात उपाध्यायांचे काय गुंतलेले असते, ते अशा वेळी कळते.

सामूहिक लेखनासाठी आधुनिक व्यापारी चौकट उभारण्याचा मराठीतला सर्वांत धाडसी प्रयत्न डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात नागपुरात त्यांनी ज्ञानकोशासाठी चक्क मर्यादित कंपनी काढली. राजाश्रय नाही, विद्यापीठ नाही. भाग विकायचे, गावोगाव हिंडून आगाऊ वर्गणीदार मिळवायचे आणि त्या भांडवलावर संपादकवर्ग पोसायचा. काम पुढे पुण्यास गेले आणि १९२० ते १९२७ या काळात ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ विभाग बाहेर पडले. या खटाटोपाचा इतिहास केतकरांनी स्वतः ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात लिहिला. कोसच्या भाषेत सांगायचे तर लेखक शोधणे आणि त्यांना एकत्र ठेवणे यांचा खर्च त्या काळी इतका होता, की कंपनीवाचून कोश अशक्य होता. येथे वाचक हा ग्राहक होता आणि काही अंशी भागधारकही. लेखक मात्र नव्हता. वहीपेक्षा ही रचना वेगळी आहे, आणि माझ्या मते अधिक प्रामाणिकही : कोणी पैसे दिले, कोणी लिहिले, कोश कोणाचा, हे तिच्यात कागदावर होते. त्यानंतरचा ‘मराठी विश्वकोश’ शासनाने उभारला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला ना भागधारक, ना शासन. त्याचा आधार म्हणजे एक परवाना : कोणीही घ्यावे, बदलावे, विकावेसुद्धा, मात्र मूळ कर्तृत्वाचा निर्देश करावा आणि आपले रूपही त्याच अटींवर खुले ठेवावे. नाममुद्रेचा खुलेपणा आणि कराराचा काटेकोरपणा यांची ही सांगड वाङ्मयेतिहासात अपूर्व आहे. तिचे आर्थिक परिणाम इंग्रजीत लवकर दिसले. मायक्रोसॉफ्टने आपला ‘एन्कार्टा’ कोश २००९ मध्ये बंद केला. २४४ वर्षे छापला जाणारा ‘ब्रिटानिका’ २०१२ मध्ये छपाईतून बाहेर पडला. मराठीत मोडकळीला येण्याजोगा कोशांचा बाजारच नव्हता. येथे अडचण वेगळी होती. लिहिणारे मोजके, एकोळी पाने विपुल. केतकरांच्या पगारी संपादकांनी जी शिस्त आणली, ती फावल्या वेळातल्या स्वयंसेवकांकडून कशी यावी, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

परंतु परवान्याचा मार्ग सर्वांनी घेतला नाही. नव्वदीच्या दशकात संगीतप्रेमींनी आपापल्या सीडींवरील गाण्यांच्या याद्या हाताने टंकून सीडीडीबी नावाच्या सामाईक सूचीत भरल्या. ती सूची ग्रेसनोट नावाच्या कंपनीची झाली, तिच्या वापराला व्यापारी अटी लागल्या आणि २००८ मध्ये सोनीने ती कंपनी २६ कोटी डॉलरांना विकत घेतली. याद्या भरणाऱ्यांपैकी दुखावलेल्यांनी दुसरी, मुक्त सूची उभारली. चित्रपटरसिकांच्या याद्यांतून निर्माण झालेली आयएमडीबी १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनकडे गेली. ही वहीचीच घडण आहे, फक्त येथे लेख लिहिणाऱ्याला आपण मालमत्ता घडवत आहोत याची कल्पना नव्हती. मुक्त परवान्याखालील लिनक्सवर चालणारी रेड हॅट कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरांना घेतली, हे खरे. पण त्या खरेदीने लिनक्स कोणासाठी बंद झाली नाही. आयबीएमने मोल दिले ते मुख्यतः जाणकार माणसांचे, सेवेचे आणि ग्राहकसंबंधांचे. ‘सामूहिक सहकार्याने अर्थव्यवस्था बदलली’ या एकाच वाक्यात हे दोन्ही व्यवहार बसवले जातात, तेव्हा महत्त्वाचा भेद पुसला जातो.

मुन्शी घाटाच्या परिसरातील छोट्यामोठ्या निवासांचे भवितव्य आज प्रवाशांनी लिहिलेल्या अभिप्रायांवर पुष्कळ अवलंबून असते. यात्रेकरू अजूनही लिहून जातो. वही मात्र दूरदेशीच्या कंपनीच्या संगणकावर आहे, आणि तिच्यातली आपली नोंद कितव्या क्रमांकावर दिसावी हे गल्लीतल्या निवासचालकाला ठरवता येत नाही. पूर्वीच्या उपाध्यायाच्या दारी निदान जाऊन भांडता येत असे.

अलीकडे या व्यवहाराला आणखी एक वळण मिळाले आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी सशुल्क सेवा जाहीर केली आणि पुढच्या वर्षी गूगल तिचा पहिला ग्राहक झाला. मजकूर मोफतच राहिला. शुल्क तो वेगाने आणि सुबकपणे पुरवण्याचे. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा-प्रारूपे घडवण्यासाठीही हाच मजकूर वापरला जातो, आणि ज्या भाषांचे महाजालावरील लेखन थोडे, त्यांच्या बाबतीत अशा कोशाचे प्रमाणाबाहेर महत्त्व असते. मराठी ही त्यांपैकीच. म्हणजे नागपूर की दरभंगा, १८१२ की १९१२, हा आपण निस्तरलेला वा तसाच सोडलेला पाठभेद उद्या यंत्राच्या उत्तरात निःशंक स्वरात उमटणार. परवान्यातील कर्तृत्वनिर्देशाची अट त्या उत्तरात पुष्कळदा दिसत नाही. कोणत्या पानावरून, कोणत्या हाताने हे आले, याचा माग तेथे तुटतो.

पणजोबांच्या लेखाखाली मी शेवटी चार ओळी लिहिल्या. देवनागरीत, मोडी मला वाचता येते, लिहिता येत नाही. नाव, वडिलांचे नाव, गाव, तिथी. पुढील वंशजांना बांधणारे कलम तेवढे लिहिले नाही. उपाध्यायांनी ते वाचले, शाई वाळेपर्यंत थांबले आणि वही पुन्हा बासनात बांधली.