पनवेल-पुणे मार्ग आणि वेगमापनाचा इतिहास

सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना १८३० साली बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबईहून जलमार्गाने पनवेल बंदरात उतरून खोपोली-खंडाळामार्गे पुण्यास जाणाऱ्या वाहतुकीला चाकांची वाट मिळाली. त्या काळी वेगाला आवर घालीत तो जनावरांचा दम आणि घाटाची चढण. मोटार आल्यावर हा नैसर्गिक अंकुश उरला नाही आणि त्याची जागा कायद्याने घेतली. १९१४ व १९३९ च्या कायद्यांनंतर आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमात कलम ११२ ने वेगमर्यादेची आणि कलम १८३ ने ती ओलांडणाऱ्याच्या दंडाची तरतूद केली. तथापि, मर्यादा ठरवणे जितके सोपे, तितके धावत्या गाडीचा वेग पुराव्यानिशी सिद्ध करणे सोपे नव्हते.

या पुराव्याची सर्वांत जुनी रीत घड्याळाची होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये पोलीस रस्त्यावर अंतर मोजून घेत आणि ते कापण्यास गाडीला लागलेल्या वेळेवरून वेग काढीत. असे सापळे कोठे लावले आहेत याची सूचना वाहनमालकांना देण्यासाठी तेथे १९०५ मध्ये ऑटोमोबाईल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. वेग चोरून मोजणारा आणि त्याची आगाऊ खबर देणारा यांची चढाओढ तेव्हापासूनची आहे. भारतीय महामार्गांवर समोरून येणारा चालक दिव्यांची उघडझाप करून ‘पुढे पोलीस आहेत’ असे सुचवतो, ते याच चढाओढीचे रूप होय.

१९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी पोलिसांनी रडार वापरण्यास सुरुवात केली. रडार रेडिओलहरी सोडते आणि चालत्या गाडीवरून परतताना त्यांच्या वारंवारितेत होणाऱ्या बदलावरून, म्हणजेच डॉप्लर परिणामावरून, वेग काढते. परंतु या लहरी दूरवर पसरत असल्याने, पुढच्या गाड्यांवर मोजणी चालू असतानाच त्या मागून येणाऱ्या गाडीतील ग्राहकयंत्राला, म्हणजे ‘डिटेक्टर’ला, सापडू शकतात.

महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर वाहनांतून पुढे वापरात आलेल्या लेझर स्पीड गनने ही सवलत बरीचशी काढून घेतली. हे यंत्र सुमारे ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अदृश्य अवरक्त स्पंद सेकंदाला शेकड्यांनी सोडते, प्रत्येक स्पंदाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून गाडीचे अंतर काढते आणि अंतर किती झपाट्याने घटते वा वाढते यावरून वेग ठरवते. तीनशे मीटरवरही या किरणाची रुंदी जेमतेम मीटरभर असते आणि मोजणी सेकंदाच्या अंशात संपते. त्यामुळे ज्या गाडीवर नेम धरला आहे, तिच्यातील डिटेक्टर वाजतो तेव्हा बहुधा वेग नोंदवून झालेला असतो.

जॅमरची, म्हणजे मोजणीत अडथळा आणणाऱ्या उपकरणाची, गोष्ट थोडी वेगळी आहे. येणाऱ्या स्पंदांच्या लयीत स्वतःचे अवरक्त स्पंद मिसळून तो यंत्राला अंतर ठरवू देत नाही, आणि तत्त्वतः हे शक्य आहे. मात्र नवी यंत्रे स्पंदांची लय बदलती ठेवतात आणि हस्तक्षेपाचा संशय आल्यास तशी खूण दाखवतात. अशा वेळी वेगाचा आकडा मिळाला नाही तरी ती गाडी पोलिसांच्या नजरेत भरते.

पनवेलजवळच्या कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतचा ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि याच मार्गावर वेगमापन पुन्हा घड्याळाकडे वळले. २०१९ मध्ये महामार्ग पोलिसांनी खालापूर व उर्से या टोलनाक्यांमधील सुमारे ५० किलोमीटर अंतर ३७ मिनिटांहून कमी वेळात कापणाऱ्या वाहनांना दंड करण्याचे जाहीर केले; ताशी ८० किलोमीटर वेगाने या अंतरास साडेसदतीस मिनिटे लागतात. वाटेत कोणी विसावा घेतला तर सरासरी उतरते, ही या हिशेबाची उणीव होती. पण त्यात गाडीच्या दिशेने कोणताही किरण सोडला जात नसल्याने डिटेक्टरला पकडण्यासारखे आणि जॅमरला बिघडवण्यासारखे काही उरले नाही. २०२४ मध्ये या मार्गावर सुरू झालेल्या ‘आयटीएमएस’ या कॅमेरायुक्त वाहतूक व्यवस्थापन प्रणालीत दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजण्याचीही सोय आहे. नाक्यांमधील लांब अंतराऐवजी जवळजवळच्या टप्प्यांवर मोजणी होत असल्याने विसाव्याची ती उणीवही कमी होते.

त्यामुळे वादाची जागा बदलली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १६७-अ नुसार अशा उपकरणांना दरवर्षी नूतनीकरण करावे लागणारे मान्यता प्रमाणपत्र लागते, देखरेखीखालील टप्प्यापूर्वी ठळक सूचनाफलक लावावे लागतात आणि उल्लंघनाची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी लागते. डिटेक्टरने चोरून मिळवायची खबर आता शासनालाच फलकावर लिहून द्यावी लागते, आणि दंड अमान्य असलेल्या चालकाला जॅमरपेक्षा त्या प्रमाणपत्राची तारीख अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे.