दर्शकाची कुळकथा

एखादा पदार्थ आम्ल आहे की आम्लारी, हे स्वतःचा रंग बदलून दाखवणाऱ्या द्रव्याला रसायनशास्त्रात दर्शक म्हणतात. शाळेतील लिटमसचा कागद हा त्यांपैकी सर्वांच्या परिचयाचा. परंतु दर्शकांचे कूळ शोधू लागल्यास ते प्रयोगशाळेत नव्हे, तर रंगाऱ्याच्या पिंपात आणि औषधविक्याच्या बरणीत सापडते. वनस्पतींचे रंग आंबट रसाने एका बाजूला झुकतात आणि राखेच्या निवळीने दुसऱ्या, हे रंगारी फार पूर्वीपासून जाणत होते; मात्र त्यांच्या लेखी ती हवी ती छटा साधण्याची युक्ती होती, किंवा रंगवलेले कापड बिघडवणारी खोड.

या जाणिवेची दिशा उलटवण्याचे श्रेय प्रामुख्याने रॉबर्ट बॉयल यांना द्यावे लागते. पदार्थ रंगाचे काय करतो, हा रंगाऱ्याचा प्रश्न होता. रंग पदार्थाविषयी काय सांगतो, असे बॉयल यांनी विचारले. रंगांवरील प्रयोगांचा त्यांचा ग्रंथ १६६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हायोलेटच्या, म्हणजे आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात बनफशा म्हणून मिळणाऱ्या फुलांच्या जातभाईंच्या, निळ्या पाकावरील प्रयोग आहेत. हा पाक तेव्हा इंग्लंडमधील औषधविक्यांकडे सहज मिळे. त्याचे थेंब पांढऱ्या कागदावर टाकून त्यावर आम्ल सोडले की ते लाल होत आणि अल्कली, म्हणजे राखेतून निघणाऱ्या क्षारासारखे आम्लारी द्रव्य, सोडले की हिरवे. तोवर आम्ल ओळखण्यासाठी जिभेवरची आंबट चव किंवा अल्कलीशी गाठ पडताच येणारा फेस, यांवरच मुख्यतः भिस्त होती, आणि यांपैकी पहिली कसोटी अनोळखी द्रव्याच्या बाबतीत जिवावर बेतणारी होती. बॉयल यांच्या कसोटीचा आणखी एक लाभ असा की, जे पदार्थ रंगाला कोणत्याच बाजूला हलवत नाहीत त्यांचा, म्हणजे उदासीन पदार्थांचा, तिसरा वर्ग तिने उघड केला. त्यामुळे सारी सृष्टी आम्ल आणि अल्कली या दोहोंत वाटू पाहणाऱ्या तत्कालीन मताविरुद्ध त्यांच्या हाती एक पुरावा आला.

लिटमसचा उगम याहून कमी सुवासिक आहे. तो शैवाकांपासून काढतात. बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनणाऱ्या जीवाला शैवाक म्हणतात, आणि गोड्या मसाल्यातील दगडफूल हेही एक शैवाकच होय. लिटमससाठी मात्र रोसेला या वेगळ्या प्रजातीतील शैवाके वापरली जात, जी कॅनरी बेटांसारख्या ठिकाणी समुद्रकाठच्या खडकांवर वाढतात. ती दळून शिळ्या मूत्रात (त्यातील अमोनियासाठी), चुना आणि पोटॅशसह कित्येक आठवडे कुजवली की प्रथम लालसर, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग उतरत असे. नेदरलँड्समध्ये हा रंग खडू किंवा जिप्सममध्ये कालवून वड्यांच्या रूपात विकला जाई. रंग म्हणून तो कच्चाच, कारण थोड्याशा आम्लानेही तो लाल पडे; पण रंगाऱ्याला नकोसा असलेला हाच हळवेपणा रसायनज्ञाच्या कामी आला.

पुढे १७८४ मध्ये वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध असलेल्या जेम्स वॉट यांनी लाल कोबीच्या अर्काची शिफारस केली. हा अर्क आम्लात गुलाबी, उदासीन द्रावणात जांभळा आणि आम्लारीत निळा, हिरवा होत जातो. म्हणून घरातील पदार्थ पारखायला लिटमसपेक्षा तो अधिक बोलका ठरतो : लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा यांतील तरतमभावही त्याच्या छटांवरून कळतो. व्हायोलेट, लाल कोबी, कोकम, जांभूळ यांत ही किमया अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांची असते. आम्लातील हायड्रोजन आयन त्यांच्या रेणूला जोडला गेला किंवा सुटला की तो रेणू प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो.

हळदीचे कूळ निराळे. तिच्यातील करक्युमिन आम्लात आणि उदासीन द्रावणात पिवळेच राहते, फक्त आम्लारीत तांबडे होते. तेव्हा चिंच आणि साधे पाणी यांतील फरक हळद सांगू शकत नाही, पापडखार मात्र ताबडतोब ओळखते. हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, तो याच कारणाने. हळदीला चुना लावून तिला लाल करणारे हात हीच क्रिया घडवत असतात; परंतु कुंकवाच्या ज्या कृतींत हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावतात, तेथील गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. आंबट रसात हळद लाल होण्याचे कारण आम्लारी असूच शकत नाही. तेथे टाकणखारातील बोरॉन करक्युमिनशी बांधला जाऊन एक वेगळेच लाल संयुग तयार होते. युरोपीय प्रयोगशाळांनी हळदीत बुडवून वाळवलेला कागद आपलासा केला, तो अल्कली ओळखण्यासाठी आणि पुढे बोरिक आम्लाच्या परीक्षेसाठीही : हायड्रोक्लोरिक आम्लासह भिजवून वाळवल्यावर कागद तांबूस झाला आणि त्यावर अल्कलीचा थेंब पडताच निळसर काळा पडला, तर बोरॉन आहे असे मानतात.