रुमाल आणि बोर्डिंग पास

एकदा जागेवर बसला की माणूस सुसंस्कृत होतो; बसायला निघालेला असतो तोवर मात्र त्याची खात्री देता येत नाही. जळगावच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागताना ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगायला नको. गाडी पुरती थांबलेलीही नसते, तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आणि प्रसंगी एखादं चिरंजीवसुद्धा आत जातं. मागाहून एखादी आजीबाई चढते आणि "भाऊ, जागा शे का?" असे इतक्या मायेने विचारते की रुमालाचा मालक आपोआप उभा राहतो. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. पहिला रुमाल बहुधा २ जूनला पडला असावा.

मी बी.कॉम. झालेला, बँकेतला कारकून. रांग हा माझ्या पोटापाण्याचा विषय. विद्वान लोक विमानांचा इतिहास इंजिनांवरून आणि पंखांवरून लिहितात. मला विचाराल, तर तो माणसे आत कशी शिरतात यावरून लिहायला हवा.

आपल्याकडे या इतिहासाचा आरंभ मोठा शांततेत झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला विमान घेऊन आले, त्यात टपाल होते. टपाल खिडकीसाठी भांडत नाही. पुढे माणसे आली आणि त्यांच्या स्वागतासाठी १९४६ साली एअर इंडियाचा महाराजा आला. बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या कुंचल्यातून उतरलेला, भरघोस मिशांचा, कमरेत वाकलेला. १९५३ साली सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. त्यानंतर कितीतरी वर्षे विमानात बसायचे म्हणजे सरकारी पाहुणा व्हायचे. कार्डावर जागेचा आकडा, दारात नमस्कार, हातात लिमलेटची गोळी. विमान उशिरा का सुटेना, तुमची जागा तुमचीच! घाई कोणालाच नव्हती, कारण शेजारी दुसरे दुकान नव्हते. ज्या कायद्याने ही मक्तेदारी दिली होती, तो १९९४ साली रद्द झाला.

तिकडे अमेरिकेत मात्र १९७१ सालीच साउथवेस्ट नावाची एक कंपनी टेक्सासात उडू लागली होती. पुढच्याच वर्षी पैशांची अशी ओढाताण झाली की चारातले एक विमान विकावे लागले. आता चार विमानांचे काम तिघांत कसे करायचे? उत्तर निघाले ते असे, की विमान जमिनीवर दहाच मिनिटे थांबवायचे. आम्हा बँकवाल्यांना यातले मर्म लगेच कळते. तिजोरीत पडून असलेली रोकड व्याज देत नाही आणि जमिनीवर उभे असलेले विमान भाडे देत नाही. म्हणून त्यांनी जागांचे आकडेच दिले नाहीत. जो आधी येईल तो खिडकीत बसेल. मग प्रवाशांना 'चला, लवकर चढा' असे सांगावेच लागत नाही. ते आपणहून चढतात. हे तत्त्व आमच्या कंडक्टरला आधीपासून ठाऊक होते. फक्त त्याने त्यावर कंपनी काढली नाही, एवढेच.

ही विद्या आपल्याकडे आणली कॅप्टन गोपीनाथ यांनी. २००३ साली त्यांची एअर डेक्कन उडाली. क्वचित नशीबवानाला एक रुपयात तिकीट मिळे. जागेचा आकडा कोणालाच नाही. तिचे बोधचिन्ह होते आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. एकीकडे वाकलेला महाराजा, दुसरीकडे चौकड्यांच्या कोटातला मुकाट माणूस. दोन तऱ्हांच्या विमानसेवांतला फरक सांगायला याहून वेगळा ग्रंथ नको.

गंमत अशी, की शास्त्रही रुमालवाल्यांच्या बाजूने उभे राहिले. जेसन स्टेफन नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने २००८ साली विमानात चढण्याचे गणित मांडले. मागच्या रांगांचे प्रवासी आधी गटाने सोडावेत, ही पद्धत दिसायला शिस्तीची; पण त्यापेक्षा वाटेल तसे चढणारे लोक लवकर आत बसतात. कारण मागच्या गटातले सगळे एकाच ठिकाणी बॅगा वर चढवायला उभे राहतात आणि वाट तुंबते.

पण शिस्त हरली तरी हिशेब जिंकतो. कंपन्यांच्या ध्यानात आले, की ज्या खिडकीसाठी माणूस धावतो, तिच्यासाठी तो पैसेही देईल. आज स्वस्त विमानात जागेचा आकडा मिळतो. मात्र मनाजोगत्या जागेला वेगळे पैसे, बॅगेला वेगळे, खाण्याला वेगळे. खुद्द साउथवेस्टनेही २०२४ साली मोकळ्या जागांची पद्धत सोडायचे जाहीर केले. यावर मी टीका करणार नाही. चेकबुकाचे वेगळे पैसे कापणाऱ्या धंद्यात माझी उमेद गेली आहे.

आता आमच्या खानदेशाकडे वळू. 'उडान' योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या एअर डेक्कनचे विमान मुंबईहून जळगावला उतरले. जेमतेम अठरा-एकोणीस जागांचे बीचक्राफ्ट. त्यात वाटेच्या दोन्ही अंगांना एकेकच खुर्ची, म्हणजे प्रत्येकाला खिडकी! बसण्याच्या भांडणावर इतका सुंदर तोडगा एस.टी.लाही सुचला नव्हता. पण ती सेवा टिकली नाही. २०१९ साली ट्रूजेट आली, तिची उड्डाणे २०२२ साली थांबली. २०२४ साली फ्लाय ९१ आली आणि गोवा, हैदराबाद, पुणे जवळ आले. धुळेकर मात्र गोंदूरच्या धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकांच्या घिरट्या पाहत राहिले.

म्हणून आधी कोणी चढावे, मागच्याने की पुढच्याने, हा वाद मुंबई-दिल्लीवाल्यांना लखलाभ. ज्याचा बाप मुंबईच्या इस्पितळात आहे, त्याला खिडकी नको असते आणि नमस्कारही नको असतो. त्याला गाडी येणार का, एवढेच हवे असते. एरंडोल, पारोळा करत, धूळ उडवत, लाल डबा उशिरा का होईना, पण येतो. रुमाल टाकायला आधी खिडकी समोर येऊन उभी राहावी लागते, हे स्वस्त आणि महाग अशा दोन्ही विमानवाल्यांनी आमच्या स्टँडवर येऊन शिकावे.